मांडवगडाचा मुदपाकखाना

पाश्चात्त्य देशांतील भोजनगृहांत अलीकडे एक पदार्थ मोठ्या आवडीने खाल्ला जातो. कोवळ्या मेंढराचे मांस लिंबू, लसूण आणि मरव्याच्या कुळातील ओरेगानो नावाच्या पाल्यात मुरवावयाचे, चार-पाच तास मंद आचेवर शिजवावयाचे, हाडापासून आपोआप सुटू लागले म्हणजे त्याचे तंतू मोकळे करावयाचे आणि एका लहानशा पातळ भाकरीत घालून, वर दही-काकडी ठेवून, भाकरीची घडी करून हाताने खावयाचे. मांसाची रीत ग्रीसची. भाकरी आणि तिची घडी मेक्सिकोची. ह्या पदार्थाला ग्रीक धाटणीचा ‘टाको’ म्हणतात. कोणी त्याचे नावीन्य म्हणून कौतुक करतात, तर कोणी दोन देशांच्या पाकशास्त्रांची ही भेसळ झाली म्हणून नाके मुरडतात.

नाके मुरडणाऱ्यांनी एकदा माळव्याकडे दृष्टी टाकावी. धारपासून सुमारे पस्तीस किलोमीटरांवर, विंध्याच्या टोकावर, जेथून खाली नेमाडचे खोरे दिसते, तेथे मांडवगड उभा आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ह्या गडावर अशाच भेसळीचा एक थोर प्रयोग चालू होता, आणि त्याची लेखी नोंद आजही शिल्लक आहे. राज्ये गेली, तख्ते गेली, पण पाककृतींची एक पोथी उरली. तिची हकीकत इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. तथापि माणसाच्या इतिहासाचा एक मोठा भाग चुलीपुढे घडतो, हे तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

धार ही परमारांची नगरी. भोजराजाचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे दिल्लीच्या सत्तेला उतरती कळा लागल्यावर माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी ह्याने १४०१ मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन केले. त्याची राजधानी धारच होती. त्याचा पुत्र होशंगशाह ह्याने ती मांडवगडावर नेली. गडाला ‘शादियाबाद’, म्हणजे आनंदनगरी, असे नाव होते. १४३६ मध्ये खलजी घराण्यातील पहिला महमूद गादीवर आला. त्याची तेहेतीस वर्षांची कारकीर्द बहुतेक घोड्याच्या पाठीवर गेली. गुजरात, मेवाड, बहामनी राज्य, दिल्ली ह्या सर्वांशी त्याने युद्धे केली. त्याच्यामागून १४६९ मध्ये त्याचा पुत्र गियासुद्दीन सुलतान झाला.

फिरिश्ता ह्या इतिहासकाराने सांगितल्याप्रमाणे गियासुद्दीनाने राज्यावर येताच दरबारात जाहीर केले, की पित्याच्या बाजूला उभे राहून ३४ वर्षे लढण्यात गेली. आता पित्याने मिळविलेले राखावे आणि उरलेले आयुष्य सुखात घालवावे. राज्यकारभार त्याने पुत्राच्या हाती सोपविला आणि आपण अंतःपुरात लक्ष घातले. त्याच्या अंतःपुरात १५,००० स्त्रिया होत्या, असे फिरिश्ता म्हणतो. हा आकडा अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही. परंतु त्या स्त्रियांत गायिका, नर्तकी, सोनारकाम, सुतारकाम जाणणाऱ्या कारागीर आणि शस्त्रे धारण करणाऱ्या तुर्की व हबशी रक्षिकाही होत्या, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंज आणि कपूर ह्या दोन तलावांच्या मध्ये नौकेसारखा दिसणारा जहाजमहाल ह्याच विलासी काळाची आठवण देतो.

ह्या सुलतानाचा आवडता उद्योग म्हणजे खाद्यपदार्थांची चिकित्सा. त्याने आपल्या आवडीच्या कृती लिहवून घेतल्या. पोथीचे काम त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस सुरू झाले आणि त्याचा पुत्र नासिरुद्दीन ह्याच्या काळात पुरे झाले. म्हणून तिला ‘निअमतनामा-इ-नासिरशाही’ असे नाव पडले. ‘निअमत’ म्हणजे ईश्वरी देणगी, सुखाची वस्तू. भाषा फारसी, पण पदार्थांची नावे सांगताना लेखकाला फारसी अपुरी पडते आणि खिचडी, वडा, पुरी असे देशी शब्द जागोजाग डोके वर काढतात. पोथीत पन्नास चित्रे आहेत. बहुतेक चित्रांत मिशाळ सुलतान बसलेला किंवा उभा असून त्याच्यासमोर चुलीवर भांडी चढलेली आहेत, दासी ढवळीत आहेत, वाटीत आहेत, तबके आणीत आहेत. प्रारंभीची चित्रे इराणातील शिराझच्या शैलीला जवळची आहेत. पाने उलटत जावे तसा त्यांत माळव्याचा रंग भरू लागतो. स्त्रियांचे चेहरे, वेष आणि झाडेझुडपे देशी होत जातात. १९५९ मध्ये रॉबर्ट स्केल्टन ह्या कलाभ्यासकाने ‘मार्ग’ नियतकालिकात लेख लिहून ह्या पोथीचे चित्रकलेच्या इतिहासातील महत्त्व दाखवून दिले. २००५ मध्ये नोरा टिटली ह्या विदुषीने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मूळ पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

पोथीतील सामोशाची एक कृती पाहावी. शिजवलेला खिमा, त्याच्याच बरोबरीने बारीक चिरलेला कांदा, सुंठ, लसूण, गुलाबपाण्यात घोटलेले केशर आणि वांग्याचा गर हे सारे एकत्र कालवून सारण करावयाचे आणि तुपात तळावयाचे. वेष्टनाच्या बाबतीत मात्र सुलतान उदार आहे. जाड्या पिठाची पातळ पोळी असो, बारीक पिठाची असो, की न भाजलेली कणीक असो, तिन्ही चालतात आणि तिन्ही रुचकर लागतात, असा त्याचा अभिप्राय आहे. सामोसा मुळात इराणाकडून आलेला, वांगे अस्सल भारतीय, केशर उत्तरेचे, गुलाबपाणी पश्चिमेचे आणि तूप माळव्याच्या गाईम्हशींचे. मांस पातळ पोळीत गुंडाळून खाण्याची ही कल्पना आणि आजच्या टाकोची कल्पना ह्यांत अंतर किती, ते वाचकांनीच ठरवावे.

ह्या पोथीत कबाब आहेत, यखनी आहे, कढी आहे, खिचडीचे प्रकार आहेत, शिकारीस जाताना बरोबर काय घ्यावे ह्याच्या सूचना आहेत, अत्तरे, विडे आणि औषधेही आहेत. नाही ती मिरची. नाही बटाटा, नाही टोमॅटो, नाही मका. ह्याचे कारण उघड आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा वृद्ध गियासुद्दीन मांडवगडावर जिवंत होता. अमेरिका खंडातील ही पिके भारतात रुजावयास अजून अवकाश होता. तिखटपणासाठी सुलतानाच्या मुदपाकखान्यात मिरे आणि आले होते. आंबटपणासाठी लिंबू होते.

आता मंद आचेवरील मांसाकडे वळू. मेंढराच्या खांद्याचे किंवा नळीचे मांस चिवट असते, कारण त्या स्नायूंना जन्मभर काम करावे लागते. त्यांना बांधून ठेवणारे ‘कोलाजेन’ नावाचे द्रव्य मोठ्या आचेवर आकसते आणि मांस अधिकच कठीण होते. परंतु मंद आच, ओलावा आणि पुष्कळ वेळ मिळाला की तेच द्रव्य विरघळून मऊ, चिकट रसात रूपांतर पावते. म्हणून जगात जेथे जेथे मेंढपाळ आहेत, तेथे तेथे भांड्याचे तोंड कणकेने लिंपण्याची किंवा मांस जमिनीत पुरून शिजविण्याची युक्ती सापडते. आपल्याकडे तिला दम देणे म्हणतात. ग्रीसमध्ये ह्या प्रकाराला ‘क्लेफ्तिको’ असे नाव असून त्यामागे एक परंपरागत कथा सांगतात. तुर्की अमलाविरुद्ध डोंगरात राहून लढणारे बंडखोर ‘क्लेफ्त’ म्हणजे चोर म्हणून ओळखले जात. धूर दिसला तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून ते मांस खड्ड्यात निखाऱ्यांवर ठेवून वरून माती लोटीत. कथा कितपत खरी असेल ती असो. पद्धतीचे शास्त्र मात्र पक्के आहे. सुलतानाच्या ऐश्वर्यात आणि बंडखोराच्या दारिद्र्यात चिवट मांसाला मऊ करण्याचा नियम एकच असतो.

पातळ भाकरीचा इतिहासही असाच दूरवर पसरलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात तापलेल्या खापरावर भाजावयाच्या मंडकांचे वर्णन आहे आणि सळईवर भाजलेल्या मांसाचेही आहे. हेच मंडक म्हणजे आपले मांडे. सातपुड्याच्या अलीकडे खानदेशात पालथ्या खापरावर मांडे पसरणाऱ्या सुगरणी आजही आहेत. नागपूरकडे पालथ्या मडक्यावर भाजलेली लंबी रोटी मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. पाहुण्याच्या पानात ती रोटी पडते, तेव्हा मांडवगडची किंवा कल्याणीची आठवण कोणाला होत नाही, पण वंश एकच आहे.

टाकोची भाकरी मात्र मक्याची, आणि तिच्यामागे मेक्सिकोच्या आदिवासी स्त्रियांची मोठी विद्या आहे. त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल काढून, पाट्यावर वाटीत. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी पातळ थापता येते, आणि मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला घेता येते. युरोपीय लोकांनी मका जगभर नेला, पण ही चुन्याची विद्या मागेच राहिली. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या दक्षिण युरोपातील गरिबांना पेलाग्रा नावाच्या व्याधीने ग्रासले. बी प्रवास करते, तेव्हा त्याच्याबरोबर ज्ञान प्रवास करतेच असे नाही, हा ह्या घटनेचा कडू बोध आहे.

माळव्यातही मका आला आणि स्थिरावला. धार, झाबुआ आणि अलीराजपूरच्या डोंगराळ भागांतील भिल्लांनी त्याला आपले मुख्य अन्न केले. चुन्याविना मळलेले मक्याचे पीठ सहज तुटते. त्यावर त्यांनी आपली युक्ती शोधली. पिठाचा जाडसर गोळा पानांच्या मध्ये दाबावयाचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावयाचा. पान पिठाला आधार देते आणि आपला गंधही देते. ह्या भाकरीस पानिया म्हणतात. मेक्सिकोचे धान्य आणि माळव्याचे पान ह्यांचा हा संयोग कोणत्याही राजाच्या पोथीत नोंदलेला नाही. तरी तो जहाजमहालातील कोणत्याही पक्वान्नाइतकाच बुद्धीचा आविष्कार आहे.

ग्रीक आणि मेक्सिकन रीतींची गाठ तरी कशी पडली? तुर्कस्तानात एकोणिसाव्या शतकात उभ्या सळईवर मांसाचे थर रचून ते फिरवीत भाजण्याची पद्धत रूढ झाली. १९२२ च्या पराभवानंतर आणि १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांच्याबरोबर ही सळईही आली. तिच्यावरील मांसाला ग्रीक भाषेत ‘गिरोस’, म्हणजे फिरणारे, असे नाव मिळाले. त्याच सुमारास पश्चिम आशियातून काही कुटुंबे मेक्सिकोत जाऊन स्थायिक झाली. १९३० नंतरच्या दशकात पुएब्ला शहरात त्यांनी सळईवरचे मांस गव्हाच्या भाकरीत गुंडाळून विकण्यास सुरुवात केली. लोकांनी त्याला ‘अरबी टाको’ म्हटले. पुढे मेंढराची जागा डुकराच्या मांसाने घेतली, गव्हाची जागा मक्याने घेतली, आणि त्या प्रकाराला ‘अल पास्तोर’ हे नाव पडले. त्याचा अर्थ ‘मेंढपाळाच्या पद्धतीचे’. मराठीत सांगावयाचे तर ‘धनगरी’. मेंढरू गेले, नावात धनगर तेवढा राहिला. आज जेव्हा कोणी ग्रीक रीतीचे मेंढराचे मांस पुन्हा टाकोत घालतो, तेव्हा तो भेसळ करीत नसून, नकळत, एका जुन्या प्रवाशाला त्याच्या घरी परत आणून सोडीत असतो.

ग्रीकांचा आणि माळव्याचा संबंधही अगदीच नवा नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात ‘ओझेने’ म्हणजे उज्जयिनीचा उल्लेख येतो. तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तलम वस्त्रे भडोच बंदराकडे जात; बंदरात इटलीचे, सीरियाच्या लाओदिकियाचे आणि अरबस्तानचे मद्य उतरत असे. उज्जैनपासून देवास हाकेच्या अंतरावर आहे. त्या परदेशी मद्याचे बुधले माळव्याच्या पठारावरील काही श्रीमंतांच्या दारी पोहोचले असतील, तर त्यात नवल वाटावयास नको.

अठराव्या शतकात ह्या पठारावर मराठे आले. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या सैन्याने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर ह्याचा पराभव केला, आणि माळव्याची दारे उघडली. धार पवारांकडे आली. देवासमध्ये तुकोजी आणि जिवाजी ह्या पवार बंधूंनी एकाच गावात दोन गाद्या स्थापन केल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी ही दोन राज्ये १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत शेजारी शेजारी नांदली. ह्या घराण्यांबरोबर देशावरून ब्राह्मण, प्रभू, मराठे, कारकून, शिलेदार, आचारी आले. त्यांच्या पुरणपोळीशेजारी माळव्याचा दालबाफला बसला. कणकेचे गोळे आधी उकडून, मग गोवऱ्यांवर भाजून, तुपात बुडवावयाचे, ही रीत मराठी घरांनी इतकी आपलीशी केली, की सणावाराला तिच्यावाचून चालेना. देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज ह्यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खाजगी चिटणीस म्हणून राहिले होते. त्यांनी त्या काळात घरी लिहिलेली पत्रे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ ह्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. मांडी घालून बसलेल्या एका परक्या माणसाचे पानातील अनोळखी पदार्थांविषयीचे कुतूहल त्या पत्रांतून दिसते. गियासुद्दीनाच्या आचाऱ्यांनीही इराणी पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर तेच कुतूहल पाहिले असेल.

धार किंवा देवासच्या एखाद्या घरात ग्रीक धाटणीचा टाको करावयाचा झाला, तर फारसे काही बाहेरून आणावे लागत नाही. दोन किलो कोवळ्या मेंढराचे हाडासह खांद्याचे मांस घ्यावे. मीठ, ठेचलेला लसूण, लिंबाचा रस, मिरपूड आणि तेल चोळून रात्रभर ठेवावे. ओरेगानो मिळाला तर उत्तमच, न मिळाल्यास त्याचा भाऊबंद मरवा आहे. जाड बुडाच्या पातेल्यात कांद्याच्या जाड चकत्यांवर मांस ठेवून पेलाभर पाणी घालावे, झाकण कणकेने लिंपावे आणि चार-पाच तास अगदी मंद आचेवर, झाकणावर निखारे ठेवून, दम द्यावा. घाई केल्यास सारे बिघडते. ‘त्झात्झिकी’ म्हणून ग्रीक जी वानगी करतात, ती म्हणजे टांगून पाणी काढलेल्या दह्यात किसून पिळलेली काकडी आणि लसूण घालून केलेली कोशिंबीरच होय. भाकरी मक्याची थापता आली तर ती, नाही तर पातळ पोळी. सुलतानाने तिन्ही वेष्टनांना परवानगी देऊन ठेवलेलीच आहे.

त्या सुलतानाचा शेवट मात्र गोड झाला नाही. म्हातारपणी त्याच्या पुत्रांत वारसाहक्काचे भांडण पेटले. १५०० मध्ये नासिरुद्दीनाने सत्ता बळकाविली आणि लवकरच गियासुद्दीन मरण पावला. पुत्राने त्याला विष दिले, असा प्रवाद तेव्हापासून चालत आला. १६१७ मध्ये मोगल बादशाह जहांगीर मांडवगडावर येऊन राहिला होता. त्याने आपल्या आत्मचरित्रात ही कथा लिहून ठेवली आहे. आयुष्यभर अन्नाचा शोध घेणाऱ्या ऐंशी वर्षांच्या पित्याच्या हाती पुत्राने विषाचे सरबत दिले, असे तो सांगतो. जहांगीराने नासिरुद्दीनाच्या थडग्याला लाथ मारली आणि त्यातील अस्थी नर्मदेत टाकविल्या. ज्या पुत्रावर पित्याला विष दिल्याचा आरोप आला, त्याच्याच नावाने पित्याच्या पाककृतींची पोथी ओळखली जाते. इतिहास कधी कधी असा क्रूर विनोद करतो.

आणि त्या पन्नास चित्रांतील स्त्रिया? चुलीशी वाकलेल्या, परात धरलेल्या, मसाला वाटणाऱ्या त्या दासींपैकी एकीचेही नाव पोथीत नाही. वांग्याचा गर खिम्यात घालून पाहावा, हे प्रथम कोणाला सुचले, ते आता कळणार नाही. शेवटी टिकले ते त्यांचेच काम. गडावर आज गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष उभे आहेत. त्यांचे मूळ आफ्रिकेत. पण त्यांची फळे बाजारात ‘मांडूची इमली’ म्हणून विकली जातात आणि त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पायथ्याकडे उतरल्यावर धारच्या बाजारात कढईत सामोसे तळले जातात. त्यांतला खिमा गेला, वांगे गेले, केशर गेले. आता आत दक्षिण अमेरिकेचा बटाटा आणि मेक्सिकोची मिरची आहे. घेणारा दोन आणे टाकीत होता तेव्हाही, आणि दहा रुपये टाकतो तेव्हाही, तो हा पदार्थ आपला मानूनच खातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.